मागच्या सीटचं बक्कल

इंजिनिअर बाईंनी पुढच्या सीटचा पट्टा हळूहळू ओढून बाहेर काढला, दोन्ही हातांत ताणला आणि छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे धरला. मग अंगठ्याने त्याची कड चाचपत त्या टोकापर्यंत आल्या. पुन्हा मागे गेल्या. तो शेजारी उभा राहून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होता.

मोडक्या गाड्यांचं ते आवार शहराबाहेर होतं. बेकरीतली सकाळची भट्टी उरकून तो बसने आला होता. उजवा हात अजून गळ्यात अडकवलेला होता. खांद्याजवळचं हाड जुळायला वेळ लागणार होता. गाडीसमोर आपल्याला उभं राहवणार नाही, असं त्याला वाटलं होतं. पण समोर जे होतं ते ओळखीचं वाटतच नव्हतं. नाक चुरगळून आत गेलेलं, काचा नाहीत, सीटांवर कुणीतरी निळं प्लास्टिक अंथरलेलं. या गाडीत आपण रोज बसत होतो हे मनाला बजावून सांगावं लागत होतं.

"आधी तुमचा पट्टा बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी चालकाच्या बाजूचा पट्टा त्याच्या हातात दिला. "इथे कापड घासून चकाकतंय. वीण ओढली गेलीय. बक्कलमध्ये जाते ती जीभ बघा, प्लास्टिक सोलल्यासारखं झालंय. माणसाचं वजन एका झटक्यात आलं की अशा खुणा राहतात."

मग त्यांनी दुसरा पट्टा पुढे केला. तो दुकानातून आणल्यासारखा कोरा होता.

"निघताना बायकोने लावला होता," तो म्हणाला. "मी खटका ऐकलाय."

"लावला असेल. धडकेच्या वेळी नव्हता."

गाडीच्या कॉम्प्युटरमध्येही तेच नोंदलं गेलं होतं, पण त्यावर आपण विसंबलो नसतो, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या सीटचा सेन्सर बिघडलेला होता हे सगळ्यांनाच माहीत होतं. पट्टा लावला तरी तो 'लावलेला नाही' असंच सांगायचा. म्हणून तर त्या स्वतः पट्टा बघायला आल्या होत्या. त्या बाजूची एअरबॅगही उघडली नव्हती. तो दोष गाडीचाच, त्यात वाद नाही. पण कंपनी म्हणणार की एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करते, पट्टाच नसेल तर ती उघडून काय होणार होतं. हे सगळं त्या आवाज न चढवता सांगत होत्या. दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्यांपाशी उभं राहून बोलायची त्यांना सवय असावी.

निघण्यापूर्वी सवयीने म्हणून त्यांनी मागचे पट्टे पाहिले. चालकाच्या मागच्या सीटचं बक्कल लावलं आणि वर तर्जनीने टकटक केलं. ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा टकटक. पुन्हा उघडलं.

"मुलगी कुठे बसली होती?"

"इथेच. माझ्या मागे."

"तिला काय लागलं?"

"ओठ फुटला. बाकी काही नाही."

बाई खाली वाकून त्या बक्कलकडे बघत राहिल्या. "हे टिकलं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. ते त्याला उद्देशून नव्हतं.

*

गाडी घ्यायचा हट्ट त्याच्या बायकोचा. ती शाळेत गणित शिकवायची, आणि वर्गभर कलकलाट ऐकून आल्यावर निदान गाडी तरी गप्प असावी, असं तिचं म्हणणं होतं. विजेवरची गाडी आली, अगदी गप्प आली, आणि महिन्याभरात टोकायला लागली. शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला तरी ती टिंग टिंग करत राहायची. माझ्या सासूबाईही इतकं टोकत नाहीत, असं तो म्हणायचा. बायकोने गाडीचं नाव किरकिरी ठेवलं. पुढे एअरबॅगचा लाल दिवा लागू लागला. सर्व्हिस सेंटरच्या दारात गेलं की तो विझायचा, दवाखान्यात गेल्यावर दुखणं थांबावं तसा. तिथली गोड आवाजाची मुलगी सिस्टिम रीसेट केल्याचं सांगायची. मग मागचं बक्कल बिघडलं. खड्ड्यातून गाडी गेली की आपोआप सुटायचं. त्यासाठी पार्ट मागवला होता. बायको इतक्यांदा फोन करायची की ती मुलगी नाव न विचारताच म्हणायची, मॅडम, अजून आला नाही.

हळूहळू त्यांना या सगळ्याची सवय झाली. टिंग टिंग ऐकू येईनाशी झाली. मुंगीला दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सीटवर बसवायचं ठरून गेलं. मुंगी म्हणजे त्यांची मुलगी, पहिलीत होती. बेकरीतल्या साखरेच्या डब्यात सारखा हात म्हणून तिला हे नाव पडलेलं.

त्या दिवशी ते सासूबाईंकडून परत येत होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता आपल्याकडून शिवण होणार नाही म्हणून त्यांनी आपलं शिलाई मशीन लेकीला देऊन टाकलं. ते डिकीत मावेना. लोखंडी पायांसकट मागच्या चांगल्या सीटवर ठेवून दोरीने बांधलं, आणि मुंगी वडिलांच्या मागे बसली. दुपार होती, रस्ता कोरडा होता. वळणावर खडीचा ट्रक बंद पडून उभा होता, मागे ना दगड ठेवलेले ना फांदी. त्याने ब्रेक दाबला, तोवर उशीर झाला होता. शुद्धीवर आला तेव्हा मुंगीला कुणा अनोळखी बाईने कडेवर घेतलं होतं, आणि बायकोकडे कुणी त्याला बघू देत नव्हतं.

*

सासूबाई तेव्हापासून इथेच होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा घालून पोळ्या लाटायच्या, मुंगीची वेणी घालायच्या, आणि कामाचं असेल तेवढंच बोलायच्या. लेकीच्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यांनीच गाठलं होतं. तो आता वकील होता आणि आपल्या शाळेतल्या बाईंसाठी म्हणून एक पैसाही न घेता कंपनीशी भांडायला तयार होता. गाडी तपासायला इंजिनिअर बाईही त्यानेच गाठून दिल्या होत्या. आवारातून परतल्यावर जावयाने सासूबाईंना जे झालं ते सांगितलं. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"माझी लेक पट्टा न लावता बसली, असं म्हणताय?"

"त्या बाई म्हणतात. खुणा नाहीत."

"दुसऱ्यांच्या पोरांना रस्ता ओलांडून दिल्याशिवाय शाळेतून निघायची नाही ती." त्यांचा आवाज शांत होता. "आणि समजा नसेल लावला, तर तुम्ही शेजारी बसून काय बघत होतात?"

ती नेहमीसारखी मागे वळून मुंगीशी बोलत होती एवढं त्याला आठवत होतं. पट्टा सुटल्यावर गाडीने टोकलं असणार. पण ती तर रस्ताभर टोकतच होती.

रविवारी दुपारी बेकरी बंद असते. तो डाव्या हाताने ट्रे पुसत होता आणि मुंगी कणकेच्या उरलेल्या गोळ्याचे साप करत होती. अपघाताबद्दल तिला काही विचारायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानेही विचारलं नाही. ती आपणहूनच बोलली. सापाचा पट्टा करून तिने तो ट्रेला गुंडाळला आणि दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली.

"आईने असं धरलं होतं," ती म्हणाली.

"काय धरलं होतं?"

"माझं बक्कल. ते उघडायचं ना सारखं. मग आईने तिचा पट्टा काढला आणि वाकडी होऊन मागे हात घातला. आम्ही पाढे म्हणत होतो."

तो पुसत राहिला. ट्रे केव्हाच स्वच्छ झाला होता.

"आणि मग?"

"मग तिने मला जोरात मागे दाबलं." मुंगीने साप सोडवला. "याला डोळे कशाचे करू? मनुका आहेत?"

त्याने मनुका काढून दिल्या. मग मागच्या खोलीत, पिठाची पोती होती तिथे जाऊन तो बसला. त्याला आता सगळं आठवलं. येताना बक्कल सुटलं म्हणून त्याने गाडी थांबवली होती, एकदा आणि परत एकदा. उतरून स्वतः बक्कल लावलं होतं. संध्याकाळची भट्टी पेटवायला उशीर होत होता. दुसऱ्यांदा गाडीत बसताना तो करवादला होता, आता ही गाडी घरापर्यंत थांबणार नाही. त्यावर बायको काही बोलली नव्हती. त्याला वाटलं होतं, रागावली असेल.

पिठाने माखलेल्या हातांनी मुंगी दारात आली आणि साप दाखवून गेली. त्याने मान डोलावली.

*

वकिलाला भेटायला तो एकटाच गेला. मुंगीचं नाव न घेता, समजा म्हणून विचारलं. समजा, मागचं बक्कल धरायला म्हणून तिने पुढचा पट्टा काढला असेल तर? वकील खुर्चीत सरळ झाला. असं असेल तर सगळी केसच फिरते, तो म्हणाला. मागच्या बक्कलचा दोष कंपनीला ठाऊक होता, पार्ट मागवलेला होता, त्यापायी बाईंचा जीव गेला. पण हे सांगणार कोण? सिद्ध करायला पाहणारं माणूस हवं. गाडीत तिघंच होती.

"मुलीला विचारावं लागेल," वकील म्हणाला. "मी हळुवार विचारीन. पण त्यांचा माणूसही विचारणार. बक्कल तूच काढलंस का, खेळत होतीस का, आईला तूच बोलावलंस का. तो काही हळुवार विचारणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग बाईंनी पट्टा लावला नव्हता, एवढंच राहतं."

संध्याकाळी इंजिनिअर बाईंचा फोन आला. बाकी सगळ्याचा मेळ बसतोय, एक गोष्ट बसत नाही, त्या म्हणाल्या: तसल्या बक्कलवर मुलगी वाचली कशी. मुलगी काही बोलली का? ती गाडीत झोपली होती, असं त्याने सांगितलं. मग त्या म्हणाल्या की हेच बक्कल असलेल्या पुष्कळ गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्याही मागच्या सीटवर मुलंच बसतात. बक्कल सदोष आहे असं मी कंपनीला कळवीन, पण त्याने कुणाला काही झालेलं नाही म्हटल्यावर ते किती मनावर घेतील, सांगता येत नाही.

त्याने फोन ठेवला. आतल्या खोलीत सासूबाई मुंगीला शुद्धलेखन घालत होत्या. मुंगी हट्टाने एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारत होती आणि सासूबाई तितक्यांदा तो उच्चारत होत्या.

*

कंपनीच्या कचेरीतली ती खोली थंडगार होती आणि टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. कंपनीचा माणूस वयाने मोठा, बोलायला मवाळ. त्याने आधी दुःख व्यक्त केलं आणि ते खोटं वाटलं नाही. सासूबाई काळा चष्मा लावून ताठ बसल्या होत्या. इंजिनिअर बाईंनी पाहिलं ते सांगितलं: पुढचा पट्टा, न उघडलेली एअरबॅग, मागचं बक्कल. कंपनीच्या माणसाने मान हलवली. पट्टा का लावलेला नव्हता हे आता कधीच कळणार नाही, तो खेदाने म्हणाला.

"मला माहीत आहे," टेबलाच्या या बाजूने तो म्हणाला.

वकिलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"मागचं बक्कल सुटत होतं. दोनदा थांबून मी लावलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा ती म्हणाली, गाडी थांबवा. मी म्हणालो, थांबणार नाही, भट्टीला उशीर होतोय. तू मागे हात घालून धर. पट्ट्यामुळे तिचा हात पोचत नव्हता. मी म्हणालो, मग काढ पट्टा. तिने काढला आणि घरापर्यंत धरून बसणार होती. बक्कल सुटलंच, पण पोरीला तिने धरलं होतं."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या इंजिनिअर बाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या.

"तुम्ही मला म्हणालात, खटका ऐकला," त्या म्हणाल्या.

"ऐकला होता. काढायला नंतर लावला."

"आणि मुलगी?"

"झोपली होती. तिने काही पाहिलं नाही."

बाईंनी नजर खाली केली आणि पुढे काही विचारलं नाही. कंपनीच्या माणसाने मात्र विचारलं, बक्कल नादुरुस्त आहे हे ठाऊक असूनही मुलीला तिथे बसवलंत? तो हो म्हणाला. दुसऱ्या सीटवर बसवता आलं नसतं का? तिथे दोरीने बांधलेलं शिलाई मशीन त्याच्या डोळ्यांसमोर आलं. सासूबाईंचे हात टेबलाच्या कडेवर होते.

"आलं असतं," तो म्हणाला. "मी बसवलं नाही."

बाहेर जिन्यात वकील त्याला बाजूला घेऊन सांगत होता की तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, आता ते निम्मा दोष तुमच्या माथी मारणार. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्याने हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि कठडाच धरून उतरल्या.

घरी येऊन त्यांनी आपली बॅग भरली. मुंगी शाळेत होती. रिक्षा येईपर्यंत त्या दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"मला वाटत होतं, तिचं चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र तेच यायचं मनात. पट्टा काढायला तुम्ही सांगितलंत हे ऐकलं आणि मला आधी बरं वाटलं. माझ्या लेकीचं चुकलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पोरीला सुट्टीत पाठवा. तुम्ही येऊ नका."

"बरं, आई."

"आई म्हणू नका."

*

केसचं घोंगडं भिजत पडलं. कंपनीने मात्र त्या वर्षीच्या सगळ्या गाड्यांची मागची बक्कलं बदलून द्यायचं जाहीर केलं. केवळ खबरदारी म्हणून, असं त्यात होतं. एका सकाळी तो पाव ट्रेमधून काढत असताना फोन आला. तीच गोड आवाजाची मुलगी. सर, तुमच्या गाडीचा पार्ट आलाय, कधी आणताय? तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा तिच्यासमोर नुसतीच नावांची रांग असेल.

"गाडी नाही आता," तो म्हणाला.

"विकलीत का, सर? नवीन मालकांचा नंबर मिळेल?"

नंबर नाही, असं सांगून त्याने फोन ठेवला आणि गरम ट्रे पुन्हा उचलला.

सुट्टी लागली तशी मुंगी आजीकडे गेली. परत आणायला तो बस स्टँडवर उभा राहिला. आजीच्या शेजारणीने तिला आणून सोडलं. मुंगी उंच झाली होती. पुढचे दोन दात पडले होते. आंब्याच्या झाडावरून पडले, झोका मोडला, आजीला आता पेपर वाचता येतो, असं सगळं ती एका दमात सांगत होती. स्टँडबाहेरचा रस्ता ओलांडला आणि ती गप्प झाली.

"बाबा, आजी म्हणते, तूच आईला पट्टा काढायला सांगितलंस."

"हो."

"पण तू नव्हतं सांगितलं." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पायाखालच्या फरशा बघत ती चालत होती. "आईनेच काढला. आणि मला म्हणाली, बाबांना सांगू नको, ते उगाच थांबतील. म्हणून मी तेव्हा गाडीत नाही सांगितलं."

तो चालायचा थांबला. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली, पाठमोरीच. शर्टाच्या मागच्या बाजूने तिच्या वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. एवढे महिने आईचे ते शब्द तिने कुणालाच सांगितले नव्हते, आजीलाही नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"आरशात दिसत होतं. तुझं बक्कल, आईचा हात. सगळं दिसत होतं मला."

"मग थांबला का नाहीस?"

"उशीर होत होता."

"म्हणजे मी सांगितलं असतं तरी तू थांबला नसतास?"

रस्त्यावरून एक बस गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत त्याला वेळ मिळाला.

"नसतो थांबलो," तो म्हणाला.

मुंगी वळली आणि बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता ही पुन्हा आपल्याशी बोलेल की नाही, असं त्याला वाटून गेलं. मग तिने खांद्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली आणि फरशांवरच्या रेघा चुकवत, उड्या मारत पुढे निघाली.